चावीवाल्याचा डोंगर

“येशूमामा, अहो हितं स्लीपर न्हाईत! टाका की जरा लांब पाऊल!”

हौसराव वरच्या कातळावर बसून ओरडले आणि चांगदेव पोट धरून हसला. खाली कुसळी गवतातून येशुदास वर येत होता. त्याचं पाऊल ना लांब, ना आखूड. एकापुढे एक, सारख्या अंतरानं, जणू डोंगरानंच त्याच्यासाठी रुळाखालची लाकडी स्लीपरं आंथरून ठेवली होती. मान खाली, नजर पायाच्या दोन हात पुढे, हातात बाभळीची काठी.

“लांब पाऊल टाकणारा आधी बसतो,” वर पोचल्यावर तो म्हणाला. त्याला दम लागला नव्हता. “आत्ता कोण बसलंय बगा.”

चांगदेव आणखीच हसला. हौसराव धोतराचा सोगा झटकत उठले.

भुलेश्वरचं देऊळ मागे पडलं होतं. सकाळी यवतला गाडीतून उतरून तिघं डोंगर चढले होते आणि आता धारेला लागले होते. ही कल्पना हौसरावांची. केडगाव स्टेशनात तिकिटं फाडणारा हा माणूस, पण खिडकीच्या आत पोथी-बखरी वाचायचा. यंदा महाराजांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं होणार, तर आपण भुलेश्वरापासून सिंहगडापर्यंत डोंगराच्या माथ्यामाथ्यानं चालत जायचं, मध्ये गाडी नाही की एसटी नाही, असं त्यांनी पौष लागताच जाहीर केलं. चार दिवसांची रजा आणि त्याला जोडून रविवार. “खालचे रस्ते काल झाले रे. जुना रस्ता हाच. निरोप घेऊन पळणारे वरूनच जायचे,” असं ते ज्याला त्याला सांगत. चांगदेव दौंडच्या लोकोशेडात फायरमन. नऊ वर्षं इंजिनाच्या तोंडात कोळसा लोटलेला. तो म्हणाला, “पाच दिवस गार वारा? मी आलोच म्हणून समजा.”

येशुदासला मात्र बोलावलं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं की तो येईल. तो चावीवाला. खुटबाव ते केडगावमधला सहा किलोमीटरचा बीट त्याचा. रोज पहाटे लांब दांड्याचा हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून निघायचं, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी एकेक चावी, म्हणजे लोखंडी पाचर, ठोकत जायचं आणि दुसऱ्या रुळानं ठोकत परत यायचं. घट्ट चावी टण्णकन वाजते. सैल झालेली भद्द बोलते. ती ऐकायची, ठोकून बसवायची, पुढे जायचं. सत्तावीस वर्षं. सुट्टीच्या दिवशीही तो मिशनच्या वस्तीतल्या ख्रिस्ती देवळात त्याच चालीनं जायचा आणि त्याची बायको दयाबाई दोन पावलं मागं राहून म्हणायची, “अवो, रूळ घरी ठेवून या की एक दिवस.”

तो आला होता, त्याला कारण होतं. आठ दिवसांपूर्वी लाइनीच्या साहेबांनी रुळावरची ट्रॉली थांबवून त्याला जवळ बोलावलं होतं.

“येशुदास, हल्ली तू बीटावरून तास-दीड तास उशिरा येतोस. पाय थकले तुझे. दौंडला स्टोअरात बस आता. हत्यारं द्यायची, हत्यारं घ्यायची. सावलीचं काम आहे, पगार तोच राहील.”

“साहेब, पाय चांगले हायत माझे.”

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ठीक. दुसऱ्या सोमवारी लेखी दे. बीट पाहिजे तर बीट लिही, स्टोअर पाहिजे तर स्टोअर. तू लिहिशील ते मी मान्य करीन. तुझ्या बीटाच्या डायरीत आजवर एक खोटी ओळ मला सापडलेली नाही.”

स्टोअर! तिथं खुर्ची होती, पंखा होता आणि दुसऱ्याच्या हातात हातोडा द्यायचं काम होतं. त्या रात्री येशुदासला भाकरी गेली नाही. हौसरावांनी डोंगराचं विचारलं, तेव्हा तो हातातला घास ठेवून म्हणाला, “मी येतो.” पाच दिवस डोंगर चालून गेल्यावर पायांबद्दल कोण काय बोलणार होतं? अर्ज हौसरावच लिहिणार होते. कागद, पेन त्यांनी पिशवीत घेतलंच होतं. “सिंहगडावर बसून लिहू,” ते म्हणाले होते. “अर्जालाबी वजन येईल.”

दिवस उतरायला ते शिंदवण्याच्या घाटाच्या वरच्या अंगाला आले. उजव्या हाताला सगळा मुलूख पसरला होता. दूरवर भीमेच्या काठची हिरवी रेघ, उसाचे तुकडे, दुष्काळात फोडून ठेवलेल्या खडीचे अजून न उचललेले ढीग. आणि त्या सगळ्यातून गेलेली रेल्वेची लाइन, गोधडीतल्या काळ्या टाक्यासारखी. येशुदास काठीवर हात ठेवून उभा राहिला. जन्मभर ज्यावरून चाललो ते वरून एवढंसं दिसतं, याचं त्याला हसू आलं.

“बगा बगा, मालगाडी,” चांगदेवनं बोट केलं. लाइनीवर धुराचा पुंजका सरकत होता. त्यातून पांढऱ्या वाफेची एक कांडी वर उडाली.

चांगदेवनं मान वळवली. हौसरावांनीही वळवली.

“ऐकलं का, मामा? लांब शिट्टी मारतोय. सिग्नल न्हाई पडला त्याला.”

“उरुळीचा आउटर सिग्नल असंल,” हौसराव म्हणाले.

येशुदासनं वाफ पाहिली होती. दोघांच्या वळलेल्या माना पाहिल्या होत्या. शिट्टी त्याच्यापर्यंत आलीच नव्हती.

“व्हय,” तो म्हणाला, “उरुळीचाच.”

आणि भाकरीचं फडकं सोडायला बसला. वारा तिकडचा असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. आपण तीन दगडांच्या आडोशाला होतो. फडक्याची गाठ मात्र त्याच्यानं लवकर सुटेना.

दुसऱ्या दिवशी मल्हारगड. लहानसा गड, माथ्यावर मुकुटासारखा बसलेला. हौसरावांच्या अंगात वारं शिरलं. बुरूज दाखव, विहीर दाखव, सरदारांची नावं सांग. येशुदास तटाच्या कडेनं आपल्या चालीनं चालला होता आणि सवयीनं दर चार पावलांवर काठीचं टोक दगडावर ठोकत होता.

“मामा, किल्ला सुटायचा न्हाई!” चांगदेव म्हणाला.

“ज्यानं बांधला त्यानं ठोकूनच बसवला असंल.”

“पर दोन-दोन बारी का ठोकताय?”

येशुदासची काठी थांबली. खरंच, तो दोनदा ठोकत होता. बीटावरही. कधीपासून? पूर्वी एका ठोक्यात चावी बोलायची. वर्षा-दोन वर्षांमागं हातोड्याला नवा दांडा बसवला, तो मऊ लाकडाचा, म्हणून आवाज नीट येत नाही असं त्यानं मनाशी धरलं होतं. म्हणून दोनदा ठोकायचं. कधी तीनदा. म्हणून उशीर.

“सवय,” तो म्हणाला. मग विषय बदलावा म्हणून हौसरावांना विचारलं, “ह्या धारंवर रोज कोण चालायचं हो? म्हंजी गस्तीला. पहाऱ्याला.”

“असतील पहारेकरी, जासूद. त्यांची नावं कोण लिहून ठेवतंय?”

येशुदासनं थोडा विचार केला. “मंग त्यांचं काम चोख असणार,” तो म्हणाला. “लाइन मोडली की माणसाचं नाव लिवत्यात. न्हाई मोडली तर कशाला कोण लिवील?”

पुढच्या बुरुजापर्यंत हौसरावांनी एकाही सरदाराचं नाव घेतलं नाही.

त्या दिवशी चालताना येशुदासच्या मनात दयाबाईची जात्यावरची ओवी घोळत होती. लग्नाच्या नव्या नवलाईत, केडगावच्या त्या एका खोलीत, पहाटे तो हातोडा घेऊन निघायचा तेव्हा ती दळता दळता म्हणायची:

चालता चालता, रूळ सरेना सरेना,
माझ्या कामगाराच्या, पायी काटाही शिरेना.

जात्याची घरघर आणि तिचा आवाज ओलांडून तो बाहेर पडायचा. अलीकडे ती गाणं म्हणत नाही, असं त्याला वाटत होतं. आता धारेवर चालताना प्रथमच मनात आलं, की म्हणत असेल का? मलाच ऐकू येत नसेल?

तो झरझर चालायला लागला. विचार मागं टाकता येतो असं पायांना वाटतं.

तिसरा दिवस वाऱ्याचा होता. दिवे घाटाच्या अलीकडे धार अगदी अरुंद होते. दोन्ही अंगांनी उतार आणि मध्ये बैलगाडीच्या चाकोरीएवढी वाट. पुढे एक खिंड. हौसराव आणि चांगदेव खिंडीच्या वळणापलीकडे गेले होते, बोलताना हलणाऱ्या त्यांच्या मानाही दिसेनाशा झाल्या होत्या. येशुदास एकटाच मागून येत होता.

आणि त्याला गाडी ऐकू आली.

मागून. जवळ. भरधाव. जमीन घेऊन येणारा तो सगळा खडखडाट. सत्तावीस वर्षांत अशा आवाजाला त्याच्या अंगानं कधी विचारून उत्तर दिलं नव्हतं. गाडी आली की डाव्या अंगाला रुळाबाहेर व्हायचं, तोंड गाडीकडे करायचं, ताठ उभं राहायचं. तो डाव्या अंगाला बाहेर झाला.

डाव्या अंगाला काही नव्हतं. तो उतारावरून घसरत गेला, निवडुंगाच्या जाळीला अडकून थांबला. गुडघ्याला दगडानं चीर पडली होती. वर वाटेवरून वारा गेला आणि सगळं पुन्हा गप्प झालं.

“मेलं की जगलं?” वरून कुणीतरी बाई ओरडली आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरली. काळी, उंच, खोचलेलं लुगडं, डोक्यावर वैरणीचा भारा. ती खालच्या सोनोरी गावची मालनबाई. शेरडं घेऊन वर आली होती. तिनं भारा टाकला, दगडीपाल्याची मूठभर पानं ओरबाडली, तळव्यावर चोळली आणि त्याच्या गुडघ्यावर दाबली.

“पाय घसरला,” येशुदास म्हणाला.

“खोटं कशापायी बोलतोस, दादा? मी वरून बघत व्हते. घसरला न्हाईस तू. उडी मारलीस.”

त्यानं मान वळवून वरच्या वाटेकडं पाहिलं.

“कोण आलं व्हतं मागून?”

“गाडी,” तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

“आगं बया! डोंगरावर?” ती खदखदून हसली. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू थांबलं. “रेल्वेत हाईस का?”

“चावीवाला.”

तिनं पदराची चिंधी फाडून गुडघ्याला गुंडाळली. तोंडाजवळ तोंड आणून, सावकाश बोलायला लागली, जसं म्हाताऱ्याशी बोलतात. “माझ्या मामंजींना असंच व्हायचं. शेरडं नसली तरी घुंगरं ऐकू यायची. रानात धावत सुटायचा म्हातारा. आन् खरी घुंगरं वाजायची तवा पडून ऱ्हायचा खुशाल.”

येशुदासनं वर पाहिलं. माथ्यावर तिची पाच-सहा शेरडं चरत होती. एकेका शेळीच्या गळ्यात पितळेची घुंगरं उन्हात चमकत होती. शेळ्या माना हलवत होत्या, पानं ओढत होत्या.

“बाई,” त्यानं विचारलं, “तुमच्या शेरडांची घुंगरं आत्ता वाजत्यात का?”

“वाजत्यात की. मघापास्नं.”

त्यानं डोळे मिटले. कान दिले. कानात नुसतं एक लांबट सूं होतं, रिकाम्या घागरीत असतं तसं.

थोड्या वेळानं हौसराव आणि चांगदेव शोधत मागे आले. मालनबाई काही बोलायच्या आत येशुदास म्हणाला, “पाय घसरला.” तिनं त्याच्याकडे एक नजर टाकली, भारा डोक्यावर घेतला आणि शेरडांकडे निघून गेली.

“बास झालं, मामा,” हौसराव म्हणाले. “समोर दिवे घाट. एसटीत बसवून देतो. सासवडहून हडपसर, हडपसरहून घर.”

“उगं जिवाशी खेळ नको,” चांगदेवही म्हणाला.

येशुदास उठला. गुडघा ताठ करून बघितला, वाकवून बघितला. मग वाटेला लागला. तीच चाल. ना लांब, ना आखूड.

बोपदेव घाटापर्यंत तो चालला. चौथ्या दिवशी कात्रजपर्यंत चालला. हौसरावांच्या टाचांना फोड आले, तशी त्यांची पिशवी येशुदासनं खांद्याला लावली. चांगदेवच्या पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा त्यानं रॉकेलच्या स्टोव्हचं ओझंही घेतलं. “तुमी मानूस हाय का इंजिन?” चांगदेव म्हणाला. “पाणी न्हाई, कोळसा न्हाई!” येशुदास हसला. पाय त्याचे होते आणि पाय खरं बोलत होते. चढावर ते थरथरले नाहीत, उतारावर लटपटले नाहीत. आईनं दिलेले, रुळांनी घडवलेले पाय. त्याला त्यांचा असा अभिमान वाटला की एखाद्या ठिकाणी थांबून त्यांच्यावरून हात फिरवावा.

पण चालता चालता आत दुसरं चाललं होतं. साहेबांनी पायांचं विचारलंय. पाय ठणठणीत आहेत. कानाचं कुणी विचारलं नाही. उडी बघणारी बाई सोनोरीची, ती काही दौंडला येणार नाही. निवृत्तीला अजून तीन वर्षं. दोनदा ठोकू, तीनदा ठोकू, हात लावून बघू. कोणाला कळणार आहे?

मला कळणार, असं प्रत्येक वेळी शेवटी येई. आणि तो पुढच्या चढाला लागे.

रविवारी कात्रजच्या पुढच्या टेकड्या सुरू झाल्या. एक चढून माथ्यावर यावं तर पुढे दुसरी उभी. दुसरी उतरावी तर तिसरी. हौसराव मोजायला लागले आणि सातव्या टेकडीनंतर त्यांनी मोजणं सोडलं. येशुदास सगळ्यांत पुढे होता. सकाळच्या उन्हात केडगावच्या देवळात आत्ता गीत सुरू झालं असेल, दयाबाई दुसऱ्या बाकावर बसली असेल, असं त्याच्या मनात आलं. तिथंही तो गेली दोन वर्षं शेजारच्याच्या ओठांकडे बघून ओळ धरत होता. आज हे त्यानं प्रथमच स्वतःशी कबूल केलं, आणि चढ जरा हलका झाल्यासारखा वाटला.

दुपार व्हायच्या आत तो सिंहगडाच्या दरवाजात पोचला. बाकी दोघे अर्ध्या तासानं आले. तिघं तटावर उभे राहिले. पूर्वेला, डोळा पोचेल तिथवर, पाच दिवस पायाखालून गेलेली धार निळी होत होत विरून गेली होती. भुलेश्वर तर दिसतही नव्हता.

“एवढं सगळं?” चांगदेव हळूच म्हणाला. त्यानं टोपी काढली आणि येशुदासच्या पायाला हात लावला.

“आरं, आरं!” येशुदास मागे सरला.

“लावू द्या, मामा. देवा-बिवाला लावत न्हाई मी. चालणाऱ्या मानसाला लावतोय.”

गडावर रविवारची गर्दी होती. पुण्याची माणसं, सहलीची पोरं, मडक्यात दही विकणाऱ्या बायका. एका दगडी ओट्यावर हौसरावांनी बैठक मारली, फोड आलेले पाय पसरले, मांडीवर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

“आता लिहितो बगा असा अर्ज की साहेबांनी फ्रेम करून लावला पायजे. ‘मी, खाली सही करणार, भुलेश्वरापासून सिंहगडापर्यंत पाच दिवस डोंगरमाथ्यानं पायी चालून आलो असून...’”

येशुदास त्यांच्या ओठांकडे बघत होता.

“तसं नका लिहू,” तो म्हणाला.

“का? मग कसं?”

“लिहा. माझे पाय चांगले हायत. मी डोंगर चालून आलोय. ते लिहा, ते खरंय.” तो थांबला. समोर एक बाई मडक्यातलं दही वाटीत काढत होती. “पर माझे कान गेले. चावी काय बोलती ते मला एका ठोक्यात कळंना झालंय. परवा खिंडीपाशी मी घसरलो न्हाई. गाडी आली म्हणून बाजूला झालो. गाडी नव्हती.”

हौसरावांचं पेन हवेत राहिलं. चांगदेव खाली बसला.

“मामा,” चांगदेव म्हणाला, मग आवाज वाढवून पुन्हा म्हणाला, “मामा, कुणी विचारलंय का तुमाला? कुणाला कळणार हाय?”

“माझ्या बीटावरून दिवसाला बावीस गाड्या जात्यात, चांगदेव. एकीच्या इंजिनात तू असतोस. मागं डब्यात बाया पोरं मांडीवर घिऊन झोपल्याल्या असत्यात. त्यांना माझं नाव ठाऊक न्हाई. सत्तावीस वर्षं झाली, कुणाला ठाऊक व्हायची पाळी आणली न्हाई मी. आता आणू?”

चांगदेवनं मान खाली घातली.

“लिहा, हौसराव. बीट माझा लाइनीवरच्या तरण्या ज्ञानदेवाला द्यावा. त्याचा कान चांगला हाय. त्याला आठ दिवस मी संगं घेऊन फिरवीन, कुठली चावी उन्हात सैल हुती आन् कुठली पावसात, ते दावीन. मंग स्टोअरात बसंन. आन् हे बी लिहा, का हे मी आपखुशीनं देतोय. पाय थकले म्हणून न्हाई.”

हौसराव लिहायला लागले. बखरी वाचणारा तो माणूस, पण त्या कागदावर त्यांनी एकही भारी शब्द घातला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. आजूबाजूला माणसं दही खात होती, हसत होती, कुणी इकडं बघत होतं. हौसरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि चोरट्या आवाजात, आपल्यापुरतं वाचल्यासारखं वाचायला सुरुवात केली.

येशुदासनं त्यांचे ओठ बघितले. मग मान वर केली.

“मोठ्यानं वाचा, हौसराव,” तो म्हणाला. “मला ऐकू येत न्हाई.”

हौसराव उठून उभे राहिले. फोडांच्या पायांवर, भर गर्दीत. आणि खड्या आवाजात त्यांनी पहिल्या ओळीपासून अर्ज पुन्हा वाचायला घेतला. दही विकणाऱ्या बायकांचे हात थांबले. सहलीची पोरं वळून बघायला लागली. येशुदास दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभा होता, आणि प्रत्येक वाक्य पुरं झालं की बरोबर आहे अशी मान हलवत होता.